कामाला जाताना जिना

"आक्का, लिफ्ट आहे की! गुडघे दुखतात म्हणता आणि जिना कसला उतरताय?"

हौसाक्का तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून दम खात उभ्या होत्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं म्हणून मी दुधाची पिशवी घेऊन पायी वर आलो होतो. त्यांना काही कुणी चालायला सांगितलं नव्हतं.

"लिफ्ट हाय वो सर," त्या म्हणाल्या, "पर मी आत्ता कामाला निघालिया."

"मग?"

"मग काय? कामाला जाताना जिना. काम आटपून घरला येताना लिफ्ट. पाटी हाय न्हवं खाली!"

एवढं बोलून त्या पदराचं टोक कमरेला खोचत खाली उतरल्या. त्यांनी हे थट्टेनं म्हटलं की खरंच तसं ठरवलं होतं, ते मला कळेना. हौसाक्कांच्या बोलण्यात या दोन गोष्टी नेहमीच एकमेकींना चिकटलेल्या असायच्या.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला आमची चार मजली इमारत, 'सुखनिवास'. तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशेजारी पत्र्याची निळी पाटी होती. 'दूधवाले, पेपरवाले, घरकामाच्या बायका व इतर कामगार यांनी लिफ्टचा वापर करू नये.' खाली 'हुकुमावरून'. हुकूम कुणाचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी शाळेतून निवृत्त होऊन इथं राहायला आलो तेव्हाही ती पाटी होतीच.

अर्ध्या इमारतीच्या पोळ्या हौसाक्का करायच्या. आम्ही पोळ्या म्हणायचो, त्या चपात्या म्हणायच्या. खाताना काही फरक पडत नसे. आई घरोघरी लाटत असताना त्यांची सुवर्णा दप्तर घेऊन जिन्यात बसलेली असायची. एकदा मी तिला तिथंच अपूर्णांक समजावून सांगितले. मग दुसऱ्या दिवशी, मग रोज. पुढं तिच्याबरोबर इमारतीतली मुलंही येऊ लागली आणि खाली पार्किंगमध्ये माझा वर्गच सुरू झाला. पोर हुशार होती, त्याहून जास्त चिवट होती. शिकली, डिप्लोमा केला, रेल्वेची परीक्षा दिली आणि मिरजेला मालगाडीवर चालक म्हणून लागली. "लिफ्टमध्ये चढू दिलं नाही, म्हणून पोरगीनं आख्खी रेल्वेच ताब्यात घेतली," असं आमचे बिराजदार म्हणायचे. पहिल्या मजल्यावरचे हे बिराजदार, खताचे व्यापारी. सारखे हसत असायचे.

तिला नोकरी लागली तेव्हा गणपतीत सोसायटीनं खाली पार्किंगमध्ये तिचा सत्कार केला होता. शाल, श्रीफळ, भाषण. आमचे सेक्रेटरी ओगले बँकेत अधिकारी होते. त्यांनी त्या दिवशी फार सुंदर भाषण केलं. "ही आपल्या सुखनिवासची मुलगी," असं ते दोनदा म्हणाले होते.

आणि आता सुवर्णानं कर्ज काढून चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट विकत घेतला होता. वास्तुशांत होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता.

*

ओगलेवहिनी संध्याकाळी माझ्याकडे आल्या. त्यांची ऋजुता माझ्या वर्गात यायची, त्यामुळे त्यांचं येणंजाणं असायचं. पण या वेळी वाटीत बेसनाचे लाडू होते. म्हणजे काहीतरी काम होतं.

"सर, तुमचं ती ऐकते. तुम्ही सांगा ना तिला."

"कुणाला?"

"हौसाला हो. आता मुलगी एवढी कमावते, स्वतःचं घर झालं. आता कशाला बाई हे कष्ट? आराम कर म्हणावं. देवदर्शन कर, टीव्ही बघ. तिच्याच भल्यासाठी सांगतेय मी."

"त्यांनाच का नाही सांगत?"

"मी कसं सांगू? वाईट दिसतं ते. आणि सर, जरा विचार करा. सकाळी चौथ्या मजल्यावरची मालकीण म्हणून भेटणार, आणि दहा मिनिटांनी आपल्याच ओट्याशी पीठ मळणार. पाहुण्यांना काय ओळख करून द्यायची? शेजारीण म्हणून, की... म्हणजे, तुम्हाला कळतंय ना?"

"वाक्य पूर्ण करा," मी म्हणालो. वर्गातली सवय. मुलं अर्धं बोलून थांबली की मी तसंच म्हणायचो.

वहिनी हसल्या. "तुमचं आपलं काहीतरीच, सर! बरं, आमच्याकडे तिनं यायला हरकत नाही हं. आमच्याकडे ती घरचीच आहे. पण बाकीच्यांकडचं सोडू दे."

त्या गेल्या आणि अर्ध्या तासात बिराजदार आले. त्यांनी लाडू आणले नव्हते. माझ्याच वाटीतला एक उचलला.

"सर, हे ओगल्यांकडून ऐकलं. बरोबर हाय ते. सोसायटीत सभासदानं काम करायचं म्हणजे जरा विचित्रच. आमचं तेवढं चालू राहू दे, आईला दुसऱ्या कुणाच्या हातची भाकरी चालत नाही. बाकीच्यांचं बंद करा."

तिसऱ्या मजल्यावर माझ्यासमोर राहणारे तारळेकर, सगळ्या इमारतीचे इन्कमटॅक्सचे कागद फी घेऊन करून देणारे, त्यांनीही जिन्यात गाठून मला हेच सांगितलं. हौसाक्कांनी काम सोडावं असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि त्यांनी आपल्याकडचं सोडू नये असंही प्रत्येकालाच वाटत होतं.

या इमारतीचा अध्यक्ष मी होतो. रिकामा, निवृत्त आणि कुणाशी भांडण नसलेला माणूस सापडला की त्याला अध्यक्ष करतात, तसा झालेला. सभा बोलवायची म्हणून ओगल्यांनी ठरावाचा मसुदाही तयार केला.

*

सभेच्या आदल्या दिवशी सुवर्णा ड्यूटीवरून थेट माझ्याकडे आली. अंगावर अजून कामाचा गणवेश, डोळे लाल. ड्यूटीची पेटी दारातच ठेवून खुर्चीत बसली.

"सर, मी घर विकते."

"अगं, अजून पडदे लावून झाले नाहीत तुझे."

"नाही लावत. मला सगळं कळलंय. आईला काम सोडायला सांगणार आहेत. सांगू देत. मलाही तेच पाहिजे. पण त्यांनी ठराव करून सांगायचं? आम्ही काय गुन्हा केला?"

"आईला विचारलंस?"

"विचारायचं काय? ती ऐकते कुणाचं?" तिनं रुमालानं तोंड पुसलं. "सर, मी लहानपणी जिन्यात बसायचे ना, तेव्हा लिफ्ट वर जाताना तिचा दिवा दिसायचा. मी ठरवलं होतं, एक दिवस आईला यातून न्यायचं आणि बटण मी दाबायचं. वास्तुशांतीच्या दिवशी दाबलं. आई कशी लहान पोरीसारखी हसली! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर परत जिन्यात."

त्याच वेळी दारात हौसाक्का आल्या. माझ्या दोन पोळ्यांची वेळ झाली होती. लेकीला बघून थबकल्या, पण परात घेऊन सरळ ओट्याकडे गेल्या.

"आई, सरांसमोर सांग. काम सोडणार की नाही?"

"कशापायी सोडू?"

"मी कमावते की!"

"तू कमावतीस ते तुझं. मी कमावते ते माझं." पिठावर पाणी पडल्याचा आवाज आला. "माझ्या हाताला काम न्हाई म्हंजे मी जित्ती असून नसल्यावानी. आन् काय गं, तू कोळशाचं डबं वढून न्हेतीस ते काम, आन् मी चपात्या लाटते ते काय?"

"पण हे लोक तुला—"

"लोक काय नवं हायत व्हय? तीच की. मी त्येंना वळखते, ती मला वळखत्यात." त्यांनी कणीक मुठीत दाबली. "घर मला पाहिजे सुवर्णा. लई पाहिजे. खिडकीतनं हरिपूरच्या बाजूची झाडं दिसत्यात. पर घरासाठनं हात बांधून बसणार न्हाई."

सुवर्णानं माझ्याकडे बघितलं. "ठराव झाला तर मी इथं राहणार नाही, सर. आईला हलवीन, पण तिला कुणी आत-बाहेर ठरवून द्यायचं नाही."

ती पेटी उचलून गेली. हौसाक्कांनी दोन्ही पोळ्या टम्म फुगवून डब्यात ठेवल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "लेक तापट हाय. इंजनात बसून बसून तशीच झालीया."

*

सभा पार्किंगमध्ये, दिवेलागणीच्या आधी. प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. पलीकडे स्कूटरींच्या आडोशाला माझ्या वर्गातली मुलं रेंगाळत होती. त्यांना हाकलायचं कुणाला सुचलं नाही.

हौसाक्का जिन्यावरून उतरल्या आणि सवयीनं शेवटच्या पायरीवर टेकल्या. इमारतीत कुठलाही कार्यक्रम असला की त्यांची जागा तीच. सुवर्णा लिफ्टमधून आली. तिनं दोन खुर्च्या ओढल्या आणि आईचा दंड धरून तिला उठवलं. हौसाक्का खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, गाडी सुटायची वाट बघावी तशा.

ओगल्यांनी कागद उघडला. आधी प्रस्तावना झाली. आपल्या सर्वांना सुवर्णाचा अभिमान आहे. आपणच तिचा सत्कार केला होता.

"सत्कार केला तेव्हा ती पार्किंगमध्ये होती, ओगले," मी म्हणालो. "आता चौथ्या मजल्यावर आहे. ठराव वाचा."

ओगल्यांनी घसा साफ केला. "'इमारतीची शिस्त व सर्व सभासदांचा सन्मान लक्षात घेता, असे ठरविण्यात येते की, सभासदांनी अथवा त्यांच्या कुटुंबीयांनी इमारतीतील अन्य सभासदांकडे मोबदला घेऊन अशा प्रकारची कामे करू नयेत.'"

"अशा प्रकारची म्हणजे कशा?"

"सर, सगळ्यांना कळतंय ते."

"मला कळत नाही. आणि इतिवृत्तावर मी सही करतो. तारळेकर आपले सगळ्यांचे कागद करून देतात, फी घेतात. ते बंद?"

तारळेकर ताठ झाले. "ओ, ते वेगळं. तो व्यवसाय आहे!"

"वहिनी दिवाळीत घरी साड्या मागवतात, इमारतीतल्या बायकांना विकतात."

"सर, ती हौस आहे," वहिनी म्हणाल्या.

"बिराजदारांच्या सूनबाई चार मुलींना पेटी शिकवतात."

"ती कला हाय, सर!" बिराजदार हसत म्हणाले. त्यांना आता मजा यायला लागली होती.

"चला. तो व्यवसाय, ही हौस, ती कला. मग ठरावातली ती कामं कुठली? ओगले, वाक्य पूर्ण करा."

ओगल्यांनी कागदाकडे पाहिलं, जणू तिथं लिहिलेलं सापडेल. "म्हणजे... घरातली. तशा स्वरूपाची. जी आपण... जी सहसा..."

स्कूटरींच्या मागून मुलांचा एकदम आवाज आला, "वाक्य पूर्ण करा!" आणि मग दाबलेलं हसू. ऋजुताचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तिच्या वडिलांनाही आला असणार.

मी हसलो नाही. वर्गात मुलाला उत्तर येत नसलं की मी थांबायचो. उत्तर सांगायचं नाही, रागवायचं नाही, नुसतं बघत थांबायचं. बहुतेक वेळा मूल स्वतःच तिथवर पोचतं. मी तसाच थांबलो. एक शब्द होता; तो ओगल्यांना माहीत होता, वहिनींना, तारळेकरांना, सगळ्यांना माहीत होता. आमच्यासारख्या घरांमध्ये तो मनात ठेवायचा असतो, आणि भाजी चिरताना, पाहुणे गेल्यावर, दार लावून वापरायचा असतो. सगळ्यांच्या देखत, ज्यांच्याबद्दल तो आहे त्यांच्या तोंडावर, तो उच्चारायचा कसा? ओगले वाईट माणूस नव्हते. त्यांच्या ओठावर तो आला, मला दिसला, आणि परत आत गेला.

कुणीतरी खुर्ची सरकवली. गॅसच्या गाडीचा भोंगा रस्त्यावरून गेला.

"सर," हौसाक्का म्हणाल्या, "सोडा की त्येंना. घाम आलाय बघा."

त्या उठल्या. पदर नीट केला.

"मी सांगू? माझं दोन शब्द हायत. मलाबी आता घरोघर हिंडायचा कटाळा आलाय. हितं परात लहान, तितं पोळपाट डुगडुगतो, तिसरीकडं गॅस मिणमिणता. माझ्या घरात आता चांगला वटा हाय. तवा उद्यापासनं मी कुणाकडं येणार न्हाई."

वहिनींनी सुटकेचा श्वास टाकला. सुवर्णानं आईकडे वळून पाहिलं. तिलाही हे नवीन होतं. तारळेकर टाळी वाजवण्याच्या बेतात होते.

"ज्येला चपात्या पाहिजेत त्येनं वर यायचं," हौसाक्का पुढं म्हणाल्या. "डबा आपला आणायचा. पीठ माझं, चांगलं खपली गव्हाचं. सकाळी नऊपस्तर. आन् आल्यावर बेल वाजवायची. दार उघडं दिसलं तरी वाजवायची. इतकी वर्सं मला समद्यांनी सांगितलं, बेल वाजवू नगं, झोपमोड हुती. मला लई हौस हाय बेल ऐकायची."

बिराजदारांनी मांडीवर थाप मारली. "आणि लिफ्ट, आक्का?"

"लिफ्टनं या की!" हौसाक्का म्हणाल्या. "तुमी माझ्याकडं आल्यावर मी कशाला न्हाई म्हणू?"

आधी मुलं हसली, मग बिराजदार, मग सुवर्णा. ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ओगल्यांनी कागदाची घडी केली, परत एक घडी केली आणि खिशात घातला.

"ठराव मागं घेतला असं लिहू?" मी विचारलं.

"लिहा, सर," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी पूर्ण केलं.

*

दुसऱ्या दिवशी बिराजदार डबा घेऊन लिफ्टनं वर गेले आणि मुद्दाम तीनदा बेल वाजवली. तिसऱ्या मजल्यावर मला ऐकू आली. तारळेकरांनी दोन दिवस ब्रेड खाल्ला. मग तेही आले, आणि पोळ्यांबरोबर घरपट्टीचा कागद कसा भरायचा ते सुवर्णाला समजावून गेले. फी घेतली नाही. ओगल्यांकडचं मात्र कुणी वर येईना. ऋजुता मला वर्गात सांगायची, "सर, आईच्या पोळ्या कडक होतात. बाबा म्हणतात छान आहेत, पण आमटीत बुडवून खातात."

मग एके सकाळी मी वर डबा घेऊन बसलो असताना बेल वाजली. एकदाच, आणि अगदी हळू.

ओगलेवहिनी उंबऱ्याबाहेर उभ्या. डबा कापडी पिशवीत आणि पिशवी पदराआड.

"या की आत," हौसाक्का तव्यापासून म्हणाल्या. "दारात का?"

"नाही, घाईत आहे जरा. पोळ्या तेवढ्या..."

"लाटायच्या हायत अजून. येळ लागंल. बसा. चा झालाय."

वहिनी चपला काढून आत आल्या आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या.

मला ओगल्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आठवली. तिथं कठड्यावर एक कप उपडा घातलेला असायचा, कान तुटलेला. हौसाक्कांना चहा त्यातूनच. गरम चहाचा तो कप त्या पदराच्या टोकात गुंडाळून धरायच्या आणि फुंकर मारत प्यायच्या. इतकी वर्षं तो कप फुटला नाही. फुटका होता म्हणूनच टिकला असावा. आमच्यातल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. वहिनी चहा मात्र चांगला करायच्या, आलं घालून.

सुवर्णा आतून ट्रे घेऊन आली. वास्तुशांतीत कुणीतरी दिलेला नवाकोरा सेट होता, निळ्या फुलांचा. तिनं एक कप माझ्यापुढं ठेवला, एक वहिनींपुढं, एक आईसाठी.

वहिनी कपाकडे बघत राहिल्या. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी तो दोन्ही तळव्यांत धरून उचलला. चहा उकळता होता. हात चटकन मागं गेले, थोडा चहा बशीत सांडला.

हौसाक्कांनी तव्यावरची चपाती उलटली. मागं वळूनही बघितलं नाही.

"नीट धरा की, वहिनी," त्या म्हणाल्या. "कान हाय त्याला."

वहिनींनी मान खाली घातली. मग हळूच बोट कानात सरकवून कप उचलला. पहिला घोट घेतला. खुर्चीत मागं सरकून टेकून बसल्या.

"आलं घातलंयत का हो, हौसाक्का?" त्यांनी विचारलं.

"घातलंय की," हौसाक्का म्हणाल्या. "तुमच्याकडनंच शिकले."